रात्री एकच्या सुमारास चार्जिंग बंद पडतं: गाडी सर्व्हिसला नेण्याआधी भिंतीतलं सॉकेट उघडून बघा

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत आता सात इलेक्ट्रिक गाड्या आहेत. त्यांतल्या चौघांनी गेल्या दोन वर्षांत मला हीच तक्रार सांगितली. रात्री साडेदहाला गाडी लावली, चार्जरवर हिरवा दिवा आला, सगळं सुरळीत सुरू झालं. सकाळी खाली येऊन बघावं तर बॅटरी पंचावन्न टक्क्यांवर आणि चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. प्लग काढून परत लावला की चार्जिंग पुन्हा चालू होतं, म्हणून माणूस विषय सोडून देतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्या गाडीला हे पहिल्यांदा झालं ते मे महिन्यात. सर्व्हिस सेंटरला दोनदा गाडी नेली. त्यांच्याकडच्या चार्जरवर ती व्यवस्थित चार्ज झाली, तेव्हा तुमची केबल बदला असं सांगण्यात आलं. नवी केबल घेतली. तिसऱ्या रात्री तीही एकच्या सुमारास थांबली. त्या रात्री मी खाली उतरलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भिंतीतल्या प्लगला हात लावला. चटका बसला. दुसऱ्या दिवशी वायरमनने सॉकेट उघडलं. फेजच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, वायरीचं टोक करपलेलं आणि टर्मिनलचा स्क्रू बोटांनी फिरेल इतका सैल. गाडीत काही दोष नव्हता, जुन्या केबलमध्येही नव्हता.

हे सविस्तर लिहितोय, कारण चार्जर बंद पडला हे आपलं सुदैव असतं. ज्या चार्जरच्या प्लगमध्ये तापमान ओळखणारा सेन्सर नाही तो थांबत नाही, सॉकेट जळेपर्यंत करंट ओढत राहतो. आणि आपल्याकडे पार्किंगच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात.

आधी हे सांगा: सुरू केल्यावर किती वेळाने बंद पडतं?

मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तरावरून निम्मं निदान होतं.

प्लग लावल्यावर दहा-पंधरा सेकंदांतच लाल दिवा येत असेल आणि चार्जरच्या डब्यातून ‘खट्’ असा आवाजच येत नसेल, तर बहुतेक वेळा अर्थिंगचा दोष असतो. तास-दीड तास नीट चालून मग थांबत असेल, तर कुठेतरी काहीतरी तापतंय. संध्याकाळी सात ते अकरात थांबतं आणि पहाटे व्यवस्थित चालतं, असं असेल तर सॉकेटवर येणारं व्होल्टेज कमी पडत असण्याची शक्यता जास्त. फक्त पावसात थांबत असेल तर ओल शिरून करंट गळतोय. आणि वीज क्षणभर जाऊन आल्यावर थांबत असेल, तर तो बिघाड नसूही शकतो. काही चार्जर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, एवढंच.

यांतलं तापण्याचं प्रकरण सगळ्यांत जास्त वेळा आढळतं आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतं, म्हणून आधी तेच घेतो.

गीझर चालतो, मग गाडी का नाही?

वायरमनही हाच प्रश्न विचारतात. ‘साहेब, पंधराचा पॉइंट आहे, याच्यावर गीझर चालतो, एसी चालतो.’ खरं आहे. पण दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो आणि पाणी तापलं की थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर पंधरा अँपिअर घेतो, आणि तेही आठ-आठ तास, मध्ये श्वास न घेता. घरातलं दुसरं कुठलंच यंत्र सॉकेटकडून असं काम करून घेत नाही.

आता सैल स्क्रूचा हिशेब बघा. सांध्याचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. पंधराचा वर्ग २२५, गुणिले ०.१, म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता त्या एका टर्मिनलवर तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. बंद प्लास्टिकच्या डब्यात तशी एक सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवली, असं समजा. तापल्यामुळे सॉकेटच्या आतल्या पितळी पात्यांचा ताण जातो, पकड सैल होते, पृष्ठभाग काळवंडतो, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही. म्हणून हा बिघाड आपोआप बरा होत नाही, दर आठवड्याला थोडा वाढतोच.

मुंबईत याला खारी हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा हातभार लावतात. स्टिल्ट पार्किंगमधलं सॉकेट चार पावसाळे काढून झालं की पितळेवर हिरवट थर दिसतो. घरातलं सॉकेट वीस वर्षं टिकलं म्हणून खालचंही टिकेल असं धरू नका.

तपासायचं असं. गाडी तासभर चार्ज होऊ द्या. मग गाडीतून चार्जिंग थांबवा, भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि लगेच प्लगच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट असणं ठीक. बोट पाच सेकंद ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर आज रात्री गाडी लावू नका. पिनांना हात लावू नका, त्या प्लास्टिकपेक्षा जास्त तापलेल्या असतात, नुसतं निरखून बघा: एखादी पिन काळी किंवा निळसर झाली आहे का, सॉकेटचं भोक किंचित मोठं किंवा वाकडं दिसतंय का, जळक्या माशासारखा वास येतोय का. प्लास्टिक करपायला लागलं की तसा वास येतो आणि शाकाहारी घरांतसुद्धा तो लगेच ओळखू येतो. कोविडच्या काळात कपाळावर धरायची तापमानाची बंदूक घरात असेल तर तिचा शरीराच्या तापमानाचा मोड इथे कामाचा नाही.

वायरमन येईपर्यंतचा उपाय म्हणजे करंट कमी करा. बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा चार्जरच्या बटणावर १० किंवा ८ अँपिअरचा पर्याय असतो. उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, त्यामुळे पंधरावरून दहावर आलात की सांध्यावरची उष्णता निम्म्याहून खाली येते, आठवर आणलात तर एक चतुर्थांशाच्या जवळ. वेळ किती लागेल याची काळजी करू नका. बोरिवलीहून अंधेरीला जाऊन-येऊन रोजचं चाळीस किलोमीटर धरा, त्याला सहा-सात युनिट लागतात. दहा अँपिअरवर तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास जातात. म्हणजे साडेतीन तासांत काम होतं आणि रात्र नऊ तासांची असते. मी सॉकेट बदलल्यानंतरही रोज दहावरच चार्ज करतो. सॉकेट चांगलं टर्मिनलपासून वायरीपर्यंत नवं आहे, तरीही. मात्र प्लगचं प्लास्टिक वितळलं असेल किंवा डाग पडला असेल तर करंट कमी करूनही चालवू नका.

पक्की दुरुस्ती

एका सॉकेटवर फक्त गाडी. पाण्याचा पंप नाही, वॉचमनचा पंखा नाही. मीटर केबिनपासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की पडणारा स्विच). सॉकेट १६ अँपिअरचं, मान्यताप्राप्त, जाड पात्यांचं. सहा आणि सोळा अँपिअरच्या दोन्ही पिना बसतात असलं बहुभोकी सॉकेट मुळीच नको, त्यात कुठल्याच पिनेला घट्ट पकड मिळत नाही. तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, मगच स्क्रू आवळायचा. आणि महिन्याभराने एमसीबी बंद करून तोच स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्यायचा. ही शेवटची गोष्ट वायरमन स्वतःहून करणार नाही, तुम्ही बोलावून करून घ्या.

निळं गोल इंडस्ट्रियल सॉकेट याहून चांगलं, यात वाद नाही. पण त्यासाठी चार्जरचा मूळ तीन पिनी प्लग कापू नका. तापमानाचा सेन्सर त्या प्लगमध्येच असू शकतो, तो कापला की राखणदारच गेला, वॉरंटीही गेली. कंपनीकडूनच इंडस्ट्रियल प्लगचा चार्जर मिळत असेल तर जरूर घ्या.

वायर किती जाडीची? बोलीभाषेत अडीचची, चारची, सहाची, म्हणजे तेवढे चौरस मिलिमीटर. मीटर केबिन ते पार्किंग चाळीस मीटर धरले तर पंधरा अँपिअरवर अडीचच्या तांब्याच्या वायरीत साडेआठ व्होल्ट पडतात आणि सव्वाशे वॅट वाया जातात. चारच्या वायरीत सव्वापाच व्होल्ट, सहाच्यात साडेतीन. माझ्या मते चाळीस मीटरला चारची किमान, आणि पुढे साडेसात किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर कायमचा बसवायचा चार्जर) लावायचा विचार असेल तर आत्ताच सहाची ओढून घ्या. भिंत एकदाच फोडावी लागते. त्या वॉलबॉक्सला ३२ अँपिअर लागतात, अडीचच्या वायरीचं ते काम नव्हे.

व्होल्टेजची तक्रार असेल तर वायरमनला सॉकेटवर दोन वेळा मोजायला सांगा: गाडी न लावता आणि गाडी पूर्ण करंट घेत असताना. फरक आठ-दहा व्होल्ट आला तर तो वायरीच्या लांबीचा. वीस-पंचवीसचा आला तर मध्ये कुठेतरी सांधा खराब आहे आणि तो या क्षणी तापतोय. मीटरच्या कटआउटपासून एकेक सांधा उघडून बघा.

एक्स्टेन्शन बोर्ड

नको. थोड्या वेळासाठीही नको. बाजारातल्या साध्या बोर्डाची वायर बहुतेकदा एकची किंवा त्याहून बारीक असते. दहा मीटर एकच्या वायरीत पंधरा अँपिअरवर ऐंशी वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, आणि वायर गुंडाळलेलीच राहिली तर ती बाहेर पडायला वाट मिळत नाही. शिवाय एका सैल सांध्याचे तीन होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत चार्जिंग स्थानकांसाठी जोडवायर वापरायला मनाई आहे आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावं असं म्हटलं आहे. सोसायटीतल्या खासगी सॉकेटलाही मी हेच दोन दंडक लावतो. ८०० मिलिमीटर म्हणजे कमरेच्या थोडं खाली. जुलैत सोसायटीच्या गेटातून पाणी आत आलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ही उंची समजावून सांगावी लागत नाही.

लगेच लाल दिवा: अर्थिंग

इथे मला कळकळीने काही सांगायचं आहे. केबलमधून मोठा करंट लगेच येत नाही. चार्जर आधी एका बारीक तारेवर बारा व्होल्टचा इशारा ठेवतो. गाडी जोडली गेली की तो नऊवर येतो, गाडीने ‘मी तयार आहे’ म्हटलं की सहावर, आणि मगच चार्जरच्या आतला कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा स्विच) खट् करून लागतो. या इशाऱ्याचा परतीचा रस्ता अर्थच्या तारेतून आहे. शिवाय बहुतेक चार्जर अर्थ आहे की नाही हे स्वतः तपासतात आणि नसेल तर सुरू होत नाहीत.

जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये अर्थची पिन दिसते, पण तिच्यामागे तार नसते. मग काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलची तार अर्थला जोडून देतात. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. हेच काम करणारे छोटे अॅडॅप्टरही बाजारात विकतात. कृपा करून हे करू नका, केलेलं असेल तर आजच काढा. उद्या मीटर केबिनपासून येणारी न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील. दारात ओल्या पायांनी उभं राहून हँडलला हात लावणारं मूल त्या वेळी अर्थिंगचं काम करेल.

हा जोड कुणी आधीच करून ठेवलाय का, हे ओळखता येतं. गाडी चार्ज होत असताना न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. वायर लांब असेल तर करंट चालू असताना तिथे दोन-चार व्होल्ट दिसायलाच हवेत, कारण न्यूट्रलच्या तारेत तेवढे पडतात. भरल्या लोडवरही काटेकोर शून्य दिसत असेल तर जोड सॉकेटपाशीच आहे असं समजून डबा उघडायला लावा. उलट पंधरा-वीस व्होल्ट दिसले तर अर्थ तुटलेली आहे किंवा न्यूट्रलचा सांधा खराब आहे. फेज ते अर्थ मात्र फेज ते न्यूट्रलइतकंच, २३० च्या आसपास यायला हवं.

पावसात ट्रिप होत असेल

चालू पावसात चार्जिंग करणं वावगं नाही, केबल आणि कनेक्टर धड असतील तर. चार्जरचा डबा मात्र जमिनीवर ठेवू नका, भिंतीवरच्या हुकाला टांगा. वापर नसताना कनेक्टरचं टोपण लावा आणि तोंड खाली ठेवा. टोक डबक्यात पडलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत गाडीला लावायचं नाही, आणि सुकवायला हेअर ड्रायरची गरम हवाही नको. डबाच पाण्याखाली गेला असेल तर तो तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतोय म्हणून तो बायपास करणारे मी पाहिले आहेत. आधी सॉकेटचा डबा उघडून आत ओल, मुंग्या, पाल काय आहे ते बघा. आणि आरसीसीबीवरची खूणही बघून ठेवा. नुसती नागमोडी रेघ असेल तर तो एसी प्रकारचा, खाली अर्धगोल उंचवटेही काढलेले असतील तर ए प्रकारचा. गाडीच्या चार्जरमधून डीसी अंशाची गळती होऊ शकते आणि एसी प्रकार तिच्यापुढे आंधळा ठरू शकतो, म्हणून ए प्रकारच हवा.

पार्किंगमध्ये पाणी भरायला लागलं तर पाण्यात उतरून प्लग काढायला जाऊ नका. मीटर केबिनमधून एमसीबी पाडा, मग खाली जा.

केबल विकत घेताना

हा प्रश्न वॉलबॉक्स किंवा बाहेरचं एसी चार्जर वापरणाऱ्यांचा. आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींना टाइप २ सॉकेट असतं. डीसी फास्ट चार्जरची केबल यंत्रालाच जोडलेली असते, ती घ्यावी लागत नाही.

‘२२ किलोवॅटची केबल घेतली, तरी गाडी हळूच चार्ज होते,’ असं एका शेजाऱ्यांनी सांगितलं. त्यांच्या गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे. जास्तीत जास्त तेवढंच जाणार, केबल कितीही जाड घ्या. याउलट गाडी ७.२ किलोवॅट घेऊ शकते, वॉलबॉक्सही तेवढा देतो, आणि केबल २० अँपिअरची आहे, तर साडेचार किलोवॅटच्या आसपासच मिळेल. टाइप २ केबलच्या टोकात एक रेझिस्टर बसवलेला असतो, २० अँपिअरच्या केबलला ६८० ओहमचा, ३२ च्या केबलला २२० ओहमचा. तो बघून यंत्र करंट ठरवतं. आपल्या बहुतेक घरगुती वापराला सिंगल फेज, ३२ अँपिअर, पाच मीटर केबल पुरते. तीन फेजची घेतली तर ती जड असते, पावसात हाताळताना तो जडपणा रोज जाणवतो. गाडीचं चार्जिंगचं तोंड पुढच्या बाजूला आहे की मागे, आणि पार्किंगचा खांब कुठल्या बाजूला येतो, हे मोजपट्टीने मोजून मगच लांबी ठरवा. उरलेली केबल घट्ट वेटोळं करून ठेवू नका, सैल पसरा, आणि गाडीच्या चाकाखाली येणार नाही असं बघा.

लावताना आधी भिंतीत, मग गाडीत. काढताना गाडी अनलॉक करा, चार्जिंग थांबू द्या, गाडीतलं टोक काढा, शेवटी भिंतीतलं. करंट चालू असताना भिंतीतला प्लग ओढला तर पिनेवर ठिणगी पडते आणि तिथूनच काळेपणा सुरू होतो. काळी पडलेली पिन नव्या सॉकेटमध्ये घालू नका. ती नव्या पात्यालाही तापवते आणि चार महिन्यांत नवं सॉकेट जुन्यासारखं होतं. माझ्या पहिल्या दुरुस्तीत हेच झालं होतं, सॉकेट बदललं आणि डागाळलेला प्लग तोच ठेवला.

सोसायटीचं थोडक्यात. लाइन ओढण्याआधी कमिटीला लेखी कळवा आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवरून लाइन घेत असाल तर मंजूर भार पुरतो का ते वीज कंपनीकडे विचारा, मग ती शहरात बेस्ट असो, उपनगरात अदानी किंवा टाटा, नाहीतर मुलुंड-भांडुपकडे महावितरण.

एवढं करूनही चार्जिंग थांबत असेल तर विचारताना या गोष्टी लिहून पाठवा: सुरू केल्यापासून किती मिनिटांनी थांबलं, त्या वेळी करंट किती अँपिअरवर होता, डब्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा आणि किती वेळा लुकलुकला, प्लग कोमट होता की चटका देणारा, गाडी लावलेली असताना आणि नसताना सॉकेटवरचं व्होल्टेज, चालू लोडवर न्यूट्रल-अर्थचं व्होल्टेज, वायर कितीची आणि किती मीटर. सोबत उघडलेल्या सॉकेटचा मागच्या बाजूचा फोटो, एमसीबी बंद करून काढलेला.